हाफकिनची सुई आणि फांद्यांच्या पेशी

परळची वाट आम्हा पालघर-बोईसरकरांच्या चांगलीच परिचयाची आहे. पामसारख्या गावातून बगलेत फाइल मारून निघालेला माणूस दादरला उतरला, की तो टाटा रुग्णालयात चालला असावा हे सांगावे लागत नाही. त्याच परळमध्ये हाफकिन संस्था आहे.

मुंबईत प्लेगने हाहाकार माजवला असताना वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. उष्णतेने मारलेले जंतू टोचले असता शरीर सावध होते, एवढे त्यांना ठाऊक होते. त्याला सावध कोण करते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. वास्तविक १८६८ मध्येच पॉल लँगरहान्स यांनी त्वचेत फांद्या फुटलेल्या पेशी पाहिल्या होत्या. पण त्या मज्जासंस्थेच्या असाव्यात असे त्यांना वाटले. (पाहणे आणि ओळखणे यांतला हा फरक साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही.)

१९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन व झॅनव्हिल कोन यांना उंदराच्या प्लीहेत अशाच पेशी आढळल्या. वृक्षवाचक ग्रीक शब्दावरून त्यांना 'डेंड्रायटिक' हे नाव मिळाले. त्यांचे मुख्य काम मारण्याचे नव्हे, दाखवण्याचे. ही पेशी जंतू गिळते, त्याचे तुकडे करते, लसिका ग्रंथीपर्यंत जाते आणि एखादा तुकडा, म्हणजे प्रतिजन, आपल्या पृष्ठभागावर मांडून टी-पेशीला दाखवते. नुसता तुकडा पुरत नाही, सोबत धोक्याची खूणही द्यावी लागते. ती नसेल तर टी-पेशी तो तुकडा निमूटपणे सहन करायला शिकते. कर्करोगाचे पुष्कळदा इथेच फावते.

म्हणून रुग्णाच्याच पेशी काढून, त्यांना गाठीचे प्रतिजन देऊन परत टोचण्याची कल्पना पुढे आली. २००७ मध्ये स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्यावर स्टाइनमन यांनीही, हाफकिनप्रमाणेच, आपल्या अंगावर प्रयोग केला. ते साडेचार वर्षे जगले. पण एका माणसावरून लसीला श्रेय देता येत नाही. ३० सप्टेंबर २०११ रोजी ते गेले आणि ३ ऑक्टोबरला, ही वार्ता न कळलेल्या समितीने त्यांना नोबेल जाहीर केले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळालेला, आयआयटी मुंबई व टाटा यांच्या सहकार्यातून घडलेला 'नेक्सकार१९' हा उपचार वेगळ्या वाटेने गेला. त्यात रुग्णाच्या टी-पेशीलाच बी-पेशींच्या कर्करोगावरील सीडी१९ हे प्रथिन थेट ओळखता येईल असे घडवतात. दाखवणारा मध्यस्थच वगळला जातो. घन गाठींच्या कर्करोगात मात्र ही थेट वाट अजून फारशी चालत नाही. तेथे नव्या लसींना पुन्हा त्या फांद्यांच्या पेशींचेच दार ठोठवावे लागते आहे.