डोके, पाय आणि काळीज : सणाच्या एका पदार्थाची कुळकथा

नाताळच्या मेजवानीत सोरपोतेल नसेल तर गोव्याकडील ख्रिस्ती घराला सण अपुरा वाटतो. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन कुटुंबांतही फुग्यांसोबत ते मानाने वाढले जाते. परंतु या मानकरी पदार्थाचे कूळ शोधू लागलो की आपण श्रीमंताच्या मुदपाकखान्यात पोहोचत नाही. पोहोचतो ते शेतकऱ्याच्या परसात, जेथे नुकतेच डुक्कर मारले आहे आणि आता कोणता भाग आधी संपवायचा ही चिंता आहे.

पोर्तुगालच्या आलेंतेज प्रांतात ‘सारापातेल’ शिजते. काळीज, हृदय, रक्त अशा ऐवजाचा तो रस्सा. त्या देशात संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे 11 नोव्हेंबरच्या सुमारास, डुक्कर मारण्याचा हंगाम सुरू होई. मांड्या मिठात मुरवून महिनोन्महिने टिकत. काळीज आणि रक्त मात्र थांबत नसे. साहजिकच पहिला मान त्यांचा. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि 1534 मध्ये वसई त्यांच्याकडे आली. (ती 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकली, पण पाककृतींना तहाची कलमे लागू होत नाहीत!) येथल्या दमट हवेत मिठाची मांडी टिकेना. तेव्हा माडाच्या ताडीचा शिरका आणि अमेरिकेतून आलेली मिरची मदतीला धावली. द्राक्षमद्य व लसूण यांत मुरविलेल्या मांसाचे पोर्तुगीज नाव ‘विन्य द आल्योश’. त्याचे गोव्यात विंदालू झाले, ईस्ट इंडियन घरांत इंद्याल. मंगळूरकडील कोकणी ख्रिस्ती कुटुंबे काळीज व आतडी एकत्र शिजवितात आणि नावही तसेच सरळ ठेवतात : काळीज-आंकिती.

या कथेचे एक पान उलटून पुढे जावे असा मोह होतो, पण ते वाचलेच पाहिजे. स्पेन व पोर्तुगालमध्ये डुकराचे मांस टाळणे हा ज्यू कुळातील नवख्रिस्ती माणसाविरुद्ध इन्क्विझिशनपुढे पुरावा धरला जाई. हे धर्मन्यायालय गोव्यात 1560 मध्ये आले व 1812 मध्ये कायमचे बंद झाले. ज्या राज्यकर्त्यांच्या मनात ताट आणि श्रद्धा यांची अशी सांगड बसलेली होती, त्यांच्या छायेखाली हे मांस केवळ रुचीचा विषय कसे राहणार? ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात पेत्राला दृष्टांतात सर्व प्राण्यांनी भरलेली चादर दिसते आणि अन्नाचा विटाळ गळून पडतो. माझ्या मते तेथे मिळाली ती मोकळीक, सक्ती नव्हे. ज्याला डुकराचे मांस रुचत नाही असा ख्रिस्ती शेजारी तसूभरही उणा ठरत नाही, आणि जो ते खातो त्याने अन्य शेजाऱ्यांसमोर खाली मान घालण्याचेही कारण नाही.

आपल्या चांदा भागात ही चूल निराळ्या वाटेने पेटली. 1962 मध्ये हे कार्यक्षेत्र केरळच्या सी. एम. आय. संघाच्या धर्मगुरूंकडे सोपविण्यात आले. 1977 मध्ये सिरो-मलबार परंपरेचा चांदा धर्मप्रांत झाला, त्याचे केंद्र बल्लारपूर. या परंपरेत नाताळपूर्वी पंचवीस दिवस मांस वर्ज्य करण्याची रीत आहे. मग सणाच्या सकाळी मांसाची हंडी चढते. केरळी घरांत डुकराच्या चरबीदार तुकड्यांत खोबऱ्याचे काप पडतात, त्रिशूरकडे कूर्का नावाचे लहान कंद. त्यात सारापातेलचा मागमूस नाही.

आणि या सर्वांच्या कितीतरी आधीपासून भामरागड-एटापल्लीच्या रानातील माडिया गोंड डुकरे पाळीत आले आहेत. इंद्रावतीपलीकडच्या बस्तरमधील माडियांवर ग्रिगसन यांचा ग्रंथ 1938 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही ही पाळीव डुकरे आहेतच. देवकार्य असो, लग्न असो, मृत्यूनंतरचा विधी असो, जनावराचे वाटे पडतात आणि गावात पोहोचतात. मीठ, मिरची, पाणी आणि लाकडाचा विस्तव. वेगळे तेल कशाला, चरबी आहे ना! गोव्याचा शेतकरी आणि माडिया यांची कधी गाठ पडली नाही, तरी डोके आणि पाय फेकायचे नाहीत हा व्यवहार दोघांनाही ठाऊक होता.

आज मात्र दुकानात गेल्यावर आपण ‘नुसते मांस द्या, हाड-चरबी नको’ असे म्हणतो. डोके, कान, पाय, पोटाचा पट्टा हे भाग स्वस्त मिळतात ते त्यामुळेच. त्यांना पैसा कमी लागतो, वेळ अधिक. कातडी व सांध्यांतील चिवट भाग मंद आचेवर दोन-तीन तासांत विरघळून रस्सा दाट करतो. घाई केली तर तो रबरासारखा राहतो. सोरपोतेलसाठी मांस व काळीज प्रथम मिठाच्या पाण्यात अखंड उकडावे, पूर्ण निवू द्यावे आणि मगच बोराएवढे बारीक तुकडे करावेत. गरम मांस सुरीखाली फाटते. आधी चरबीचे तुकडे परतावेत, त्यांच्याच सुटलेल्या तुपात मांस, काळीज शेवटी. सुकी लाल मिरची, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी, हळद, आले व लसूण शिरक्यात वाटून घालावे आणि उकडलेले पाणी टाकून न देता रश्श्याला वापरावे. चांद्याकडे माडाचा शिरका सहजी मिळत नाही. उसाचा चालतो, थोडा बेताने घालावा. मोकाट फिरणाऱ्या डुकराचे मांस घेऊ नये, आणि कोणतेही डुकराचे मांस आत लाली उरेपर्यंतच शिजवून उतरवू नये, कारण अर्धवट शिजलेल्या मांसातून पट्टकृमी पोटात जातो.

पूर्वी सोरपोतेल नाताळच्या दोन-तीन दिवस आधीच करून ठेवीत आणि रोज एकदा खळखळून उकळवीत. शिरका मांसात मुरायला तेवढा अवधी लागतोच. आता घरोघरी शीतकपाट आहे. तरी पहिल्या दिवशी झाकण उघडून चव पाहणाऱ्याला आंबट-तिखटच तेवढे लागते, काळजाची खरी चव तिसऱ्या दिवशी.