चकतीवरील नगरे

मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी लवासा नगर वसविण्याचा बेत ठरला, त्याच्या कितीतरी आधी नगरे वसविण्याचा एक खेळ शहरातील सुखवस्तू घरांत पोचला होता. सिमसिटी हे त्याचे नाव. अमेरिकेतील विल राइट यांनी रचलेला हा खेळ १९८९ साली विक्रीस आला. युद्धाच्या एका खेळासाठी नकाशे काढता काढता, बॉम्ब टाकण्यापेक्षा नगर मांडण्यातच अधिक मौज आहे, हे त्यांच्या ध्यानी आले होते.

आज चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थांना त्या काळची फ्लॉपी चांगली आठवत असेल. सव्वापाच इंची साध्या चकतीत ३६० किलोबाइट मजकूर मावे. सिमसिटीतील एका नगराची नोंद अवघी सत्तावीस किलोबाइटांच्या आसपास. म्हणजे डझनभर नगरे एका पाकिटात! कर बसवावा, विजेच्या तारा ओढाव्या, तिजोरी रिती झाली की काम थांबावे. जिंकणे असे त्यात नव्हतेच.

मात्र खेळाच्या आरंभी दिसे ती भूमी निर्जन असे. नदी, झाडी आणि मोकळे रान. गाव नाही, देऊळ नाही, कोणाच्या नावाचा सातबारा नाही. मोशाच्या खोऱ्याची गोष्ट निराळी. राज्य शासनाने २००१ साली गिरिस्थानासाठी येथील १८ गावांचे क्षेत्र अधिसूचित केले, तेव्हा तेथे शेतकरी, कातकरी, ठाकर पिढ्यानुपिढ्या नांदत होते. त्यांच्या जमिनींचे तंटे पुढे गाजले. दासवे येथे रंगीत इमारती उठल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बांधकाम थांबविले, वर्षभराने अटींसह परवानगी दिली, आणि २०१८ साली प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेले. कळ दाबून मागचा डाव उघडण्याची सोय तेथे नव्हती.

खेळ स्वतः तगला. २००८ साली त्याची मूळ संहिता ‘मायक्रोपोलिस’ या नावाने सर्वांस खुली झाली. पण मुलांनी रात्री जागून वसविलेली नगरे त्या संहितेत कोठून असणार? ती ज्याच्या त्याच्या चकतीवरच राहिली. चकतीवरचा चुंबकीय लेप मुळशीकडच्या पावसाळी दमट हवेत बुरशी धरतो, आणि अशी चकती यंत्रात घातली, तर वाचणारा काटाच तो लेप खरवडून काढतो.