मेंदूतले पहारेकरी आणि कंपवात: एका पेशीचा इतिहास

आजचा विषय डॉक्टरी वाटेल, पण आम्ही तो इतिहास म्हणूनच मांडणार आहोत. एका पेशीकडे शास्त्रज्ञांचं लक्ष कधी गेलं, मग ते का हटलं आणि परत कसं वळलं, एवढंच सांगायचंय.

सुरुवात सोलापूरपासूनच करू. पार्किन्सन्समध्ये, म्हणजे कंपवातात, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासल्यासारखी हलतात. इंग्रजी पुस्तकं याला गोळी वळण्याची उपमा देतात. आपल्याकडे बघणारा म्हणेल, विडी वळल्यासारखी. आणि गंमत बघा, हाताला काम दिलं की ही थरथर बरेचदा कमी होते, हात मांडीवर नुसता ठेवला की परत सुरू. त्यामुळे मागावर बसलेल्या माणसाचा आजार घरच्यांना उशिरा कळू शकतो. "वय झालं" म्हणायचं आणि सोडून द्यायचं, असं चालतं.

१८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सननं सहा माणसांवरून या आजाराचं वर्णन केलं. त्यातली काही तर त्यानं रस्त्यात चालताना पाहिलेली. बिघाड पाठीच्या कण्याच्या वरच्या भागातल्या मज्जारज्जूत असावा, असा त्याचा अंदाज होता. तो चुकला. पण खरी जागा सापडायला शंभर वर्षं गेली.

आता १९१९ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी पॅरिसमध्ये त्रेत्याकॉफ या तरुण डॉक्टरनं प्रबंधात दाखवलं की या रुग्णांच्या मध्यमेंदूतला काळसर पट्टा, सबस्टॅन्शिया नायग्रा, फिका पडतो. तिथल्या पेशी मेलेल्या असतात. त्याच वर्षी स्पेनमध्ये पीओ देल रीओ-ओर्तेगानं चांदीच्या क्षारानं मेंदूचे काप रंगवून एक बारीक, फांद्याफांद्यांची पेशी वेगळी ओळखली. तिचं नाव मायक्रोग्लिया. इजा झाली की ती आकार बदलते, तिकडे सरकते आणि मेलेलं गिळते, हेही त्यानं सांगितलं. म्हणजे मेंदूतली पहारेकरी आणि सफाई कामगार, दोन्ही तीच.

एकाच वर्षी दोन्ही गोष्टी हाताशी आल्या, पण त्यांची गाठ पडली नाही. पुढे डोपामिनचा शोध लागला, १९६०च्या दशकात लेव्होडोपा आलं, आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. ते साहजिकच होतं. जखडलेली माणसं उठून चालू लागली! मायक्रोग्लिया म्हणजे मागून येऊन कचरा उचलणारी, अशीच तिची ओळख राहिली.

दुसरं साल १९८८. इथं आपली मुंबई येते. डॉ. भरुचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी वसाहतींतल्या १४,०१० लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात ४६ जणांना पार्किन्सन्स निघाला, म्हणजे लाखाला सुमारे ३२८. या समाजात वयस्कर माणसं जास्त, हे धरूनच तो आकडा वाचायला हवा. तरी "हा आपल्याकडचा आजार नाही" म्हणायची सोय त्यानं ठेवली नाही.

त्याच वर्षी कॅनडात व्हँकूव्हरला पॅट्रिक आणि एडिथ मॅकगीर यांच्या गटानं मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. त्या काळसर पट्ट्यात चेतलेल्या मायक्रोग्लियाची गर्दी होती. प्रश्न असा की आग आधी लागली, की पहारेकरी आधी धावले?

उत्तराचा एक धागा कॅलिफोर्नियातून आला. १९८२ मध्ये तिथं काही तरुणांनी भेसळीचं नशेचं द्रव्य टोचून घेतलं. त्यातल्या एमपीटीपी नावाच्या विषानं ते काही दिवसांत पार्किन्सन्ससारखे जखडले. अशा तिघांचे मेंदू तपासून १९९९ मध्ये लॅंग्स्टननी सांगितलं की विष जाऊन ३ ते १६ वर्षं झाली, तरी मायक्रोग्लिया चेतलेल्याच होत्या आणि पेशींचा नाश चालूच होता. चोर कधीच गेला, पण पहारेकरी काठी फिरवतच राहिले, असं दिसत होतं.

मग त्यांना शांत करणारं औषध द्या, झालं! इतकं सोपं निघालं नाही. पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचं औषध सूज कमी करेल म्हणून वापरून पाहिलं. २०१५ मध्ये निकाल आला: आजार मंदावल्याचं दिसलं नाही. शिवाय ही पेशी नुसती खलनायक नाही. साफसफाई तीच करते, तिला सरसकट गप्प करून चालत नाही. म्हणून "मेंदूची सूज उतरवतो" म्हणून कोणी पुडी विकायला आला, तर हा निकाल आठवा. डॉक्टरांनी दिलेली गोळी त्या पुडीसाठी बंद करू नका, आणि व्यायाम सोडू नका.

शेवटची गोष्ट. या इतिहासात अनेक वळणांवर कोणाचा तरी मरणोत्तर तपासलेला मेंदू आहे. मुंबईत माणसं मोजली गेली, व्हँकूव्हरला मेंदू पाहिले गेले. आपल्या माणसांचे मेंदू आपल्याकडे अभ्यासायची सोय बंगळुरूच्या निम्हान्समधल्या मेंदू पेढीत १९९५ पासून आहे. नेत्रदान, देहदान हे शब्द आपल्याला सवयीचे झालेत. मेंदूदान अजून नाही.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर. आज घरी गेलात की मांडीवर ठेवलेल्या हातांकडे एकदा नीट बघा. थरथर दिसली तर "वय झालं" म्हणू नका, दाखवून या. आता तुमचे प्रश्न घेऊ.