साठ पिनांचं स्थळ

परदेशातून आलेली वस्तू कधी एकटी येत नाही. तिच्या पोटात तिचा अख्खा देश बसून येतो. त्या देशाची वीज, त्या देशाचा टीव्ही, तिथली भाषा आणि तिथल्या व्यापाऱ्यांची भांडणं, असा सगळा लवाजमा. बाहेरून दिसतो तो नुसता डबा. मग तो डबा चिंचवडच्या भिंतीतल्या प्लगपाशी येऊन उभा राहतो आणि आंतरराष्ट्रीय परिस्थिती एकदम चिघळते.

यातलं मला थोडं कळतं, कारण पिंपरीच्या एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये माझी तीस वर्षं गेली. कुठल्या बोल्टला कुठला नट, एवढ्यावर माझा संसार झाला. आणि आमचं गावच मुळी जुळवाजुळवीवर वाढलेलं. इटलीची व्हेस्पा आकुर्डीला येऊन मराठी खड्ड्यांतून चालायला शिकली आणि १९७२ साली ‘चेतक’ हे चांगलं राजपुतान्यातलं नाव घेऊन मोकळी झाली. पुढं बजाजनं कावासाकीशी सोयरीक केली. तेव्हा १९८६ साली आमच्या शेजारचे भाऊसाहेब ट्रेनिंगला जपानला गेले आणि येताना मुलासाठी फॅमिकॉम घेऊन आले, यात नवल काहीच नव्हतं. बाकीचे लोक कॅमेरा आणायचे. भाऊसाहेबांनी खेळ आणला, म्हणून वहिनी तीन दिवस बोलल्या नाहीत.

फॅमिकॉम म्हणजे ‘फॅमिली कॉम्प्युटर’. निन्टेन्डो कंपनीनं तो १९८३ च्या जुलैत जपानात काढला. पांढरं अंग, तांबड्या कडा, आणि डोक्यावर खाच. त्या खाचेत खेळाची कॅसेट खोचायची. आता तिच्यात ना फीत ना रीळ, पण आपल्याकडं तिला कॅसेटच म्हणत, आणि मी इथं शहाणपणा करून दुसरा शब्द वापरणार नाही. सोबत एक पिस्तूल होतं. जपान्यांनी ते काउबॉयच्या रिव्हॉल्व्हरसारखं हुबेहूब केलेलं. विमानतळावर बॅग उघडल्यावर भाऊसाहेबांना ‘हे बदकं मारायचं आहे’ असं चार जणांना चार वेळा सांगावं लागलं.

घरी आल्यावर पहिला अडसर विजेचा. जपानात वीज शंभर व्होल्टची, आपली दोनशेतीस. त्यावर उपाय म्हणजे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. तो वरवंट्याएवढा जड निघाला आणि देवळातल्या पुजाऱ्यासारखा अखंड गुणगुणत राहिला. दुसरा अडसर चॅनेलचा. आपल्या टीव्हीचा कान पिळला की दोनपासून बारापर्यंत खटखट चॅनेल लागत. फॅमिकॉम बोलायचा जपानच्या पहिल्या नाहीतर दुसऱ्या चॅनेलवर, म्हणजे नव्वद मेगाहर्ट्झच्या वर, आणि आपले चॅनेल चार आणि पाच यांच्या मधे नेमकी तिथं ओसाड जागा. टीव्हीवर मुंग्याच मुंग्या. मात्र पलीकडच्या ब्लॉकमधे दुबईहून आणलेल्या टू-इन-वनच्या एफएम पट्टीवर मारिओचं संगीत खणखणीत वाजू लागलं. पुण्यात तेव्हा एफएम केंद्र नव्हतं. त्या घरच्या आजींना वाटलं, सिंहगडावरून काहीतरी नवीन सुरू झालंय.

मग आम्ही डबा उचलून पिंपरी कँपात साईंकडं गेलो. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी वसवलेला हा कँप. परदेशी काहीही बिघडलं की लोक तिकडंच धावत. साईंचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. त्यांनी फॅमिकॉम उघडला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “मशीन चांगली आहे. फक्त तोंड जपानी आहे. तोंड बदलू.” एका मोडक्या व्हीसीआरमधली चित्र-आवाज टीव्हीच्या लहरींवर चढवणारी डबी त्यांनी काढली आणि मूळ डबीच्या जागी जोडली. चित्र आलं, पण जिना उतरल्यासारखं सारखं खाली घसरायला लागलं, कारण जपानी चित्र सेकंदाला साठदा रंगतं आणि आपलं पन्नासदा. टीव्हीच्या पाठीमागचा होल्ड फिरवून साईंनी तेही थांबवलं. रंग मात्र आला नाही. जपानची रंग सांगायची रीत निराळी, एनटीएससी, आपली पाल. त्यामुळं भाऊसाहेबांच्या नव्याकोऱ्या रंगीत टीव्हीवर काळापांढरा मारिओ पाच वर्षं पळत होता, आणि कॉलनीतल्या एकाही पोरानं त्याबद्दल तक्रार केली नाही.

खरा पेच १९९१ साली पडला. अमेरिकेतल्या आमच्या मेव्हण्यानं सुट्टीत येताना तिकडची ‘सुपर मारिओ ३’ ची कॅसेट आणली. कंपनी तीच, मारिओ तोच, त्याच्या मिशाही त्याच. पण कॅसेट खाचेत जाईना. जपानी कॅसेटीला साठ पिना, अमेरिकन कॅसेटीला बहात्तर.

असं का व्हावं? १९८३ साली अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार साफ बसला. नाही नाही ते खेळ बाजारात आले, दुकानदारांनी खेळ या शब्दाचा धसका घेतला. म्हणून १९८५ साली तिकडं जाताना निन्टेन्डोनं आपल्या यंत्राला व्हीसीआरचं सोंग दिलं आणि आत एक दारवान बसवला. ही एक चिप. कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी तिची खूण पटली तरच यंत्र चालणार. म्हणजे निन्टेन्डोच्या परवानगीशिवाय कुणी खेळ विकायचा नाही. या दारवानाला चार पिना. पुढं कधी काही जोडायचं झालं तर असाव्यात म्हणून आणखी दहा. आणि जपानी कॅसेटीत आवाजाच्या दोन होत्या त्या काढल्या. साठातून दोन गेले, चौदा आले, झाले बहात्तर. आपल्याकडं छत्तीस गुणांत काम भागतं.

गंमत म्हणजे ही सोयरीक जुळवण्याचा मध्यस्थ, म्हणजे अ‍ॅडॅप्टर, खुद्द कंपनीनंच पहिल्यांदा गुपचूप वापरला. १९८५ च्या ‘जायरोमाइट’ या अमेरिकन खेळाच्या काही कॅसेटी उघडल्या की आत जपानी साठ पिनांचं बोर्ड आणि त्याला जोडलेला अ‍ॅडॅप्टर निघतो! खेळ सुरू केल्यावर पडद्यावर नावही जपानातलंच येतं, ‘रोबोट जायरो’. नाव बदललेली सून माहेरच्या नावानं सही करते, त्यातला प्रकार.

आमच्याकडं असली कॅसेट नव्हती, पण साईं होते. एका बाजूला साठ पिनांची जीभ, दुसऱ्या बाजूला बहात्तरांची खाच आणि मधे केसासारख्या तारा. दारवानाच्या तारा त्यांनी जोडल्याच नाहीत; जपानी यंत्रात दारवानच नाही, मग ओळखपत्र दाखवायचं कुणाला? आठ दिवसांनी मारिओ उभा राहिला. पण मुका! उडी मारतोय, नाणी घेतोय, आणि शब्द नाही. साईंनी प्रत्येक टाका परत तपासला. दोन दिवस दुकानात दुसरं काम घेतलं नाही. शेवटी त्यांनी एक जपानी कॅसेट उघडली आणि कपाळाला हात लावला. फॅमिकॉमचा आवाज सरळ टीव्हीकडं जातच नाही. एका पिनेतून तो कॅसेटीत जातो आणि शेजारच्या पिनेतून परत येतो, म्हणजे कॅसेटीला वाटलं तर तिनं आपलाही सूर त्यात मिसळावा. अमेरिकन कॅसेटीत तो रस्ताच नाही. साईंनी त्या दोन पिनांमधे बोटाच्या पेराएवढी तार टाकली, आणि मारिओला कंठ फुटला. मजुरी विचारली तर म्हणाले, “पोराला परीक्षा झाल्यावरच द्या.” ती कसली मजुरी, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

सगळेच अडथळे असे कष्टाचे नसतात. निन्टेन्डोच्या पुढच्या यंत्रात, सुपर फॅमिकॉममधे, जपानी आणि अमेरिकन पिना अगदी सारख्या. फरक काय, तर अमेरिकन खाचेत प्लास्टिकचे दोन दात. ते पक्कडीनं मोडले की जपानी कॅसेट आत! एवढी मोठी सरहद्द आणि तिचं कुंपण दोन दातांचं. सेगाच्या मेगा ड्राइव्हची तऱ्हा आणखी न्यारी. जुन्या मास्टर सिस्टिमचे खेळ त्यावर चालवायला कंपनीनं १९८९ साली अ‍ॅडॅप्टर काढला, त्यात जवळजवळ नुसत्या तारा. कारण जुन्या यंत्राचा मेंदू नव्याच्या पोटात होताच. उलट १९९४ चा ‘सुपर गेमबॉय’: दिसायला अ‍ॅडॅप्टर, आत अख्खा गेमबॉय. म्हणजे दुभाष्या म्हणून बोलावला आणि त्यानं सगळं भाषण स्वतःच केलं.

हाच मेगा ड्राइव्ह १९९५ साली भारतात आणला शॉ वॉलेसनं, दारूसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीनं. किंमत अठरा हजार. एवढ्यात आमच्याकडं लग्नाचा हॉल आणि आचारी होत होता. मध्यमवर्गानं आपला रस्ता धरला: फॅमिकॉमच्या नकला. साठ पिनांची खाच, आपल्या विजेवर चालणाऱ्या, आपल्या टीव्हीवर रंगीत दिसणाऱ्या, ना ट्रान्सफॉर्मर ना होल्ड. कॅसेटीवर ‘९९९९९९ खेळ’ लिहिलेलं असे आणि आत पाचसहा निघत. काँट्रा, रणगाडे, सर्कस. एका पिढीचं बालपण या नकलांवर गेलं. चोरीचा माल होता हे खरं, पण जपान, अमेरिका आणि भारत यांच्यामधल्या भिंती एकदम पाडल्या त्या याच मालानं. साईंचं काम तेव्हाच कमी झालं. पुढं जिन्याखाली मोबाइलची कव्हरं लागली.

भाऊसाहेब जाऊन आता सहा वर्षं झाली. यंत्र, पिस्तूल आणि साईंचा अ‍ॅडॅप्टर त्यांच्या मुलानं माझ्याकडं ठेवलाय. तो चाकणच्या एका जर्मन कंपनीत आहे, त्याच्या फ्लॅटमधे जागा नाही. गेल्या दिवाळीत तो आपल्या लेकीला घेऊन आला. चित्र नव्या टीव्हीत घालणारी डबी त्यानं ऑनलाइन मागवलेली. साईंच्या तारा तेहतीस वर्षांनी पहिल्या फटक्यात चालल्या आणि मारिओ आयुष्यात प्रथमच आमच्याकडं रंगीत दिसला. त्याची टोपी लाल आहे हे मी तेव्हा पाहिलं.

मग पोरीनं पिस्तूल हातात घेतलं. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि पिस्तुलातला डोळा तो उजेड टिपतो. पण ही घडी जुन्या काचेच्या टीव्हीची, ओळीमागून ओळ रंगवणाऱ्या. नवा चपटा टीव्ही चित्र आधी आत घेतो, न्याहाळतो आणि मग दाखवतो. तेवढ्यात पिस्तुलाची वेळ टळून गेलेली असते.

“आजोबा, नेम बरोबर धरलाय मी,” पोरगी म्हणाली. बरोबरच धरला होता. तिच्या बापानं डबी बदलून पाहिली, वायर बदलून पाहिली, आणि सवयीनं म्हणाला, “काका, साईंकडं जाऊन येऊ का?”

पडद्यावर गवतातून कुत्रा वर आला आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागला.