सुदान: एकाच सरकारची दोन सैन्यं आपसात का भिडली?

१५ एप्रिल २०२३. रमजानचे शेवटचे दिवस होते आणि सुदानची राजधानी खार्तुममध्ये गोळीबार सुरू झाला. लढणारे दोघेही सरकारीच होते. एकीकडे जनरल अब्देल फताह अल-बुरहान यांचं लष्कर, दुसरीकडे मोहम्मद हमदान दगालो ऊर्फ हेमेती यांचं 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' (आरएसएफ) हे निमलष्करी दल. भारताने 'ऑपरेशन कावेरी' राबवून आपल्या नागरिकांना परत आणलं, त्यानंतर आपल्याकडच्या बातम्यांतून सुदान जवळपास गायबच झालं.

दीड वर्षापूर्वी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, याच दोघांनी मिळून सत्ता बळकावली होती. मग बिनसलं कुठे?

वादाचा मुद्दा कागदी वाटतो: आरएसएफ लष्करात किती वर्षांत विलीन करायचं? लष्कराला दोन वर्षं पुरेशी वाटत होती, हेमेतींना दहा हवी होती. पण दल हातातून गेलं की त्याच्या जोरावर उभं राहिलेलं वजन आणि सोन्याचा धंदाही धोक्यात येणार होता. २०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला आणि सुमारे तीन चतुर्थांश तेल तिकडे गेलं. तेव्हापासून सोन्याला भलतंच महत्त्व आलं होतं.

खरं मूळ मात्र दारफुरमध्ये आहे. पाऊस कमी होत गेला, चराऊ कुरणं आटली आणि गुरं पाळणारे अरब व फुर, मसालितसारखे शेतकरी समाज यांच्यात जमीन-पाण्यावरून भांडणं वाढली. तरी सगळा दोष दुष्काळाला देणं सोपं आणि चुकीचं आहे. २००३ मध्ये तिथे बंड झालं, तेव्हा ओमर अल-बशीर यांच्या सरकारने एका बाजूच्या 'जंजावीद' टोळ्यांना शस्त्रं दिली. एकेकाळी उंटांचा व्यापार करणारे हेमेती त्यातूनच पुढे आले. २०१३ मध्ये बशीर यांनी या टोळ्यांमधूनच आरएसएफ उभं केलं. लष्कराने उठाव केलाच, तर हे दल आपल्याला वाचवेल, असा त्यांचा हिशेब. २०१९ मध्ये जनता रस्त्यावर उतरली आणि दोन्ही सैन्यांनी मिळून बशीर यांनाच हटवलं!

हे गृहयुद्ध आता सुदानपुरतं उरलेलं नाही. इजिप्त लष्कराच्या बाजूने आहे. संयुक्त अरब अमिराती आरएसएफला शस्त्रं पुरवते, असा आरोप आहे. अमिराती तो फेटाळते. सुदानने हा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला, पण मे २०२५ मध्ये अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर खटला निकाली निघाला. ऑक्टोबरमध्ये, दीड वर्षाच्या वेढ्यानंतर, दारफुरमधलं लष्कराच्या ताब्यातलं शेवटचं मोठं शहर अल-फाशर आरएसएफने घेतलं. तोवर देशात एक कोटीहून अधिक लोकांची घरं सुटली होती.