कार्ब्युरेटरकडे परतलेल्या मोटारी

काही वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली गोष्ट. सोलापुरातल्या आमच्या एका शिक्षक मित्राची जुनी मोटार अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये उभी होती. गाडी 2001 सालची, 'एमपीएफआय', म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी. भर दुपारी ती रस्त्यात बंद पडे आणि तासाभराने काही झालेच नाही अशा थाटात सुरू होई. मिस्त्रींनी दोन-तीन भाग बदलून पाहिले होते. शेवटी घाम पुसत ते म्हणाले, "सर, हा कॉम्प्युटरच काढून टाकू. माझ्याकडे जुना कार्ब्युरेटर आहे, बसवून देतो की!"

मित्राने आमच्याकडे पाहिले. आम्ही यावर हसावे अशी त्याची अपेक्षा असावी. पण आम्हाला हसू आले नाही. हाच उपाय अमेरिकेतल्या एका मोठ्या मोटार कंपनीने साठ-पासष्ट वर्षांपूर्वी स्वतःच्याच नव्या गाड्यांवर केला होता.

ती हकीकत कळण्यासाठी आधी कार्ब्युरेटरची ओळख हवी. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. म्हणजे लिटरभर पेट्रोलला नऊ हजार लिटरच्या आसपास हवा! गाडी चौकात उभी असो की हैदराबाद रस्त्याने धावत असो, हे प्रमाण साधारण टिकले पाहिजे. 1893 साली बुडापेस्टमध्ये डोनाट बांकी आणि यानोश चोंका यांनी, आणि त्याच सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी, त्यासाठी फवाऱ्याची युक्ती वापरली. फुलांवर पाणी शिंपडणारी एक फुलवाली पाहून बांकींना ती सुचली, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, वर्गात सांगायला चांगली आहे. प्रयोगही सोपा आहे. ग्लासभर पाण्यात एक नळी उभी धरायची आणि दुसऱ्या नळीने तिच्या तोंडावरून आडवी, जोराची फुंकर मारायची. पाणी वर चढते आणि त्याचे तुषार उडतात.

कार्ब्युरेटरमध्ये हवेची वाट मध्यभागी कमरेसारखी अरुंद केलेली असते. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल ओढले जाते. खरी गंमत पुढे आहे. हवेचा वेग दुप्पट झाला की दाबातला फरक चौपट होतो. पण जेटमधून वाहणारे पेट्रोल त्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, आणि चाराचे वर्गमूळ दोन. म्हणजे हवा दुप्पट, तर पेट्रोलही दुप्पट! मोजणारा कोणी नाही, हिशेब करणारा कोणी नाही, तरी प्रमाण राखले जाते. पितळ आणि जस्ताच्या या भांड्याला आम्ही गणकयंत्र म्हणायलाही तयार आहोत.

मात्र या गणकाला हवेची घनता कळत नाही. घनता घटली की हवेचे वस्तुमान त्याच प्रमाणात घटते, पेट्रोल मात्र फक्त वर्गमुळाने घटते. सोलापुरात जानेवारीच्या पहाटे 15 अंश सेल्सिअस आणि मेच्या दुपारी 42 अंश धरले, तर हवेची घनता सुमारे 9 टक्क्यांनी कमी भरते. तेच जेट, तीच गाडी, पण मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आसपास वाढते. सोलापूरहून महाबळेश्वरला चढून गेल्यावर जे होते, तेच आपल्याकडे घरबसल्या उन्हाळ्यात होते. शिवाय उन्हात पेट्रोलची वाफ धरून गाडी अडते ती वेगळीच. पेट्रोल पंपावर ओले फडके टाकून वाट पाहत बसलेले ॲम्बॅसडरचे ड्रायव्हर अनेकांना आठवत असतील.

म्हणून हवेला पेट्रोल 'ओढू' देण्याऐवजी ते मोजून 'ढकलायचे', हा विचार पुढे आला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांच्या इंजिनांत पेट्रोल इंजेक्शन होते. ब्रिटिश विमानांत कार्ब्युरेटर होता आणि विमान अचानक खाली वळवले की त्याचा तरंगता फ्लोट गोंधळून इंजिन अडखळे. 1941 मध्ये बिॲट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी भोक असलेली एक छोटी चकती बसवून त्यावर तात्पुरता उतारा काढला. युद्धानंतर, 1954 मध्ये, मर्सिडिझ-बेंझच्या 300 एसएल या गाडीत इंजेक्शन आले. पण तो पंप यांत्रिक होता, आणि घड्याळासारख्या कारागिरीमुळे महागही.

अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीने निराळी वाट धरली. 'इलेक्ट्रोजेक्टर' नावाच्या तिच्या योजनेत इंजेक्टर ही विजेने उघडणारी झडप होती. ती किती वेळ उघडी ठेवायची हे ट्रान्झिस्टरांची एक पेटी ठरवी. त्यासाठी हवेचा दाब, तापमान आणि इंजिनाचा वेग तिला कळवला जाई. आजच्या प्रत्येक इंजेक्शनच्या गाडीत मूळ कल्पना हीच आहे. 1957 मध्ये अमेरिकन मोटर्सने आपल्या रॅम्बलर रेबेल गाडीसाठी ही योजना जाहीर केली, पण थंडीत इंजिन सुरू करण्याच्या अडचणी सुटल्या नाहीत आणि ग्राहकांच्या हाती गेलेल्या गाड्या कार्ब्युरेटरवरच्याच होत्या. पुढच्या वर्षी क्रायस्लर कंपनीने धाडस केले. 300डी, डिसोटो ॲडव्हेंचरर, डॉज डी-500 आणि प्लिमथ फ्युरी या मॉडेलांच्या मिळून जेमतेम 35 गाड्यांत इलेक्ट्रोजेक्टर बसवला गेला.

कल्पना बरोबर होती, सुटे भाग मात्र तिच्या लायकीचे नव्हते. बॉनेटखालची उष्णता आणि हादरे त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक भागांना सोसवेनात. इंजिनाच्या बदलत्या मागणीशी पेटीची गतीही जुळेना. अखेर त्यांतल्या बहुतेक गाड्यांतून इलेक्ट्रोजेक्टर काढून कार्ब्युरेटर बसवले गेले. मालकांची तक्रार मिटली. बेंडिक्सची एकस्वे पुढे जर्मनीच्या बॉश कंपनीकडे गेली. 1967 मध्ये बॉशने त्याच विचारावर 'डी-जेट्रॉनिक' ही रचना फोक्सवॅगन 1600 मध्ये आणली आणि ती टिकली. मधल्या नऊ वर्षांत ट्रान्झिस्टर सुधारले होते आणि कॅलिफोर्नियातल्या धुरामुळे कायदेही कडक होत होते. 1976 मध्ये धुरातला प्राणवायू ओळखणारा संवेदक व्होल्व्हो गाडीत आला. आता मिश्रणातली चूक धुरावरून ओळखून लगेच सुधारता येऊ लागली. धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरला 14.7 हे प्रमाण अगदी काटेकोर हवे असते. त्यात साडेचार टक्क्यांचा फरक चालत नाही.

आपल्याकडे हे वळण सर्वोच्च न्यायालयाच्या 1999 च्या आदेशानंतर आले. एप्रिल 2000 पासून दिल्ली परिसरात 'युरो-2' पाळणाऱ्या खाजगी मोटारींचीच नोंदणी होणार, असे ठरले आणि कारखान्यांनी घाईने इंजेक्शनचा मार्ग धरला. दुचाकींवर कार्ब्युरेटर आणखी वीस वर्षे टिकला. एप्रिल 2020 मध्ये 'बीएस-6' नियम आले आणि नव्या दुचाकींवरूनही तो जवळजवळ नाहीसा झाला.

मग मिस्त्रींचे चुकत कुठे होते? 1958 च्या गाड्या मुळात कार्ब्युरेटरसाठीच बांधलेल्या होत्या. इंजेक्शन हा वरून चढवलेला दागिना होता, तो उतरवता आला. मित्राच्या गाडीचे तसे नव्हते. तिचा पंप टाकीत बसून सुमारे 3 किलोच्या दाबाने पेट्रोल पाठवतो. कार्ब्युरेटरच्या फ्लोटची सुई त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या दाबासाठी केलेली असते, म्हणजे पेट्रोल सरळ बाहेर सांडणार, तेही गरम इंजिनावर. ठिणगीची वेळही तोच कॉम्प्युटर ठरवतो. तो काढला की ठिणगी गेली, म्हणून जुन्या पद्धतीचा डिस्ट्रिब्युटर शोधा. इंजिनाकडे जाणाऱ्या नळ्या फक्त हवेसाठी आखलेल्या असतात, त्यांच्या भिंतींवर पेट्रोल जमणार.

मिस्त्रींना हे समजावताना आम्ही जॅकार्डच्या मागाचा दाखला दिला. चादरीवरचा मोर मागात नसतो, तो भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांत असतो. कॉम्प्युटरमध्येही असाच एक तक्ता असतो: इतका वेग, इतका भार, तर इतके पेट्रोल आणि या क्षणी ठिणगी. त्यांचे वडील मिलमध्ये होते. "म्हणजे पुठ्ठे फेकून माग चालवायचा म्हणता," ते म्हणाले. कायद्याचाही प्रश्न होताच. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत असा बदल मनमानीने करता येत नाही.

तरी मिस्त्रींच्या रागात तथ्य होते. कार्ब्युरेटर त्यांना उघडता येई, जेट फुंकून साफ करता येई, चूक डोळ्यांना दिसे. बंद पेटीपुढे त्यांचा तीस वर्षांचा हात अडाणी ठरत होता, आणि ती उघडून दाखवणारे कोणी नव्हते. त्या दिवशी आम्ही मित्राच्या शाळेतला मल्टिमीटर आणला आणि तिघे मिळून वायरिंग तपासत बसलो. संशय मुख्य रिलेवर आला. तो उघडल्यावर आत एका डाखाला केसाएवढी चीर दिसली. उन्हात धातू प्रसरण पावून जोड तुटे, गार झाल्यावर पुन्हा जुळे. मिस्त्रींनी स्वतःच तो डाख नव्याने दिला.

जुना कार्ब्युरेटर त्यांनी शाळेला देऊन टाकला, करवतीने उभा कापून. हवेच्या वाटेची कंबर त्यात स्वच्छ दिसते. जेटचे भोक मात्र मुलांना भिंगातून पाहावे लागते.