नवी मुंबईतील गावठाणे आणि हवामान

नवी मुंबईतील गावठाणे म्हणजे ठाणे खाडी, पनवेल खाडी आणि पारसिकची डोंगररांग यांच्या परिसरात शहर उभे राहण्यापूर्वीपासून असलेल्या गावांच्या मूळ निवासी जागा होत. येथे प्रामुख्याने आगरी व कोळी समाजांची वस्ती आहे. मोसमी पाऊस, भरती-ओहोटी आणि गोड्या पाण्याची सोय यांचा या गावांच्या स्थानावर मोठा प्रभाव पडला.

हवामान

येथील हवामान उष्ण व दमट आहे. वार्षिक पर्जन्यमान २,००० मिलिमीटरहून अधिक असून बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आल्यास ओढ्यांचे पाणी खाडीत उतरू शकत नाही व सखल भागात साचते.

वस्तीचे स्थान

या कारणाने घरे भरतीच्या पातळीहून उंच जागी एकमेकांलगत बांधली जात. सखल जमीन शेती व मिठागरांसाठी राखली जाई. दिवाळे, सारसोळे यांसारखी मासेमारीची गावे खाडीलगत वसली. कातकरी व ठाकूर समाजांचे पाडे डोंगरउतारांवर आढळतात. खाडीकाठचे भूजल खारट असल्याने पावसाचे पाणी साठवणारे तलाव व विहिरी गावांना आवश्यक होत्या.

खारजमीन

खाडीचे पाणी अडवण्यासाठी माती-दगडांचे बांध घालून शेतजमीन तयार केली जाई. बांधातील उघाडी ओहोटीच्या वेळी पावसाचे पाणी बाहेर सोडते व भरतीचे पाणी आत येऊ देत नाही. पावसाने जमिनीतील क्षार धुऊन गेल्यावर भाताचे एक पीक निघते. कोरड्या ऋतूत मिठागरांत मीठ पिकवले जाई. क्षार सहन करणारे भाताचे वाण पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने विकसित केले आहेत.

शहरीकरणानंतर

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी निश्चित करण्यात आल्या. शेते व मिठागरे यांवर भराव घालून वसाहती उभारल्या गेल्या. भरतीच्या पातळीखालील भागांसाठी धारण तलाव बांधण्यात आले. भरतीच्या वेळी त्यांत पावसाचे पाणी साठते आणि ओहोटीला झडपांतून खाडीत जाते. त्यांचे तत्त्व उघाडीसारखेच आहे. गाळ साचल्याने या तलावांची क्षमता घटते. त्यांत वाढलेल्या कांदळवनाला कायद्याचे संरक्षण असल्याने गाळ काढण्यास मर्यादा येतात.

भोवतालची जमीन उंचावल्यावर पूर्वी सुरक्षित असलेली गावठाणे तुलनेने सखल होतात. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी उलवे टेकडी कापण्यात आली व उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला. भरावाच्या कामानंतर लगतच्या डुंगी गावात पावसाळ्यात पाणी शिरू लागले आणि ग्रामस्थांनी पुनर्वसनाची मागणी केली.